लेकी बोले, सुने लागे : युरोपीय संसदेची निवडणूक आणि घरची बहुमतं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत येताना एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "युरोपच्या संसदेत कोण निवडून येतं, हे खुद्द युरोपातल्या लोकांना तरी ठाऊक असतं का? मग आम्ही कशाला ऐकायचं?" त्यांच्या प्रश्नातच आजच्या व्याख्यानाचा निम्मा विषय आलेला आहे. ज्या सभागृहात कोण बसलंय हे मतदारांना नीट सांगता येत नाही, त्या सभागृहाच्या निवडणुकीनं देशोदेशीची बहुमतं हलवलेली आहेत. हे कसं घडतं, ते आज पाहायचं आहे.

सुरुवात एका प्रसंगापासून करतो. ९ जून २०२४, रविवार. पॅरिसमध्ये रात्रीचे आठ वाजले, मतदान संपलं आणि अंदाज जाहीर झाले. मरिन ले पेन यांच्या 'नॅशनल रॅली' पक्षाला सुमारे ३१ टक्के मतं आणि अध्यक्ष मॅक्रॉन यांच्या आघाडीला जेमतेम १५ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तासाभरात मॅक्रॉन दूरचित्रवाणीवर आले आणि म्हणाले, मी राष्ट्रीय सभा विसर्जित करतो आहे. पुढच्या तीन-चार आठवड्यांत नवी निवडणूक!

आता यातली गंमत बघा. त्या दिवशी फ्रान्समध्ये राष्ट्रीय सभेसाठी मतदान झालंच नव्हतं. झालं होतं ते युरोपीय संसदेसाठी. त्या संसदेच्या ७२० जागांपैकी फ्रान्सच्या वाट्याला ८१ येतात, त्या जागा भरण्यासाठी. राष्ट्रीय सभा २०२२ साली निवडून आलेली होती, तिची मुदत २०२७ पर्यंत होती. युरोपीय निकाल वाईट लागला तर घरची सभा विसर्जित करा, असं राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे मत दिलं एका सभागृहासाठी आणि मोडलं दुसरंच सभागृह.

आपल्याकडे यासाठी नेमकी म्हण आहे : लेकी बोले, सुने लागे. बोलायचं लेकीला, पण टोमणा सुनेसाठी. युरोपातला मतदार गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं हेच करत आला आहे. तो बोलतो स्ट्रासबर्गच्या लेकीला, पण ऐकू जावं अशी इच्छा असते पॅरिसच्या, लंडनच्या, माद्रिदच्या सुनेला. एवढं तर अभ्यासकांनी केव्हाच सांगून ठेवलं आहे. मला आज त्याच्या एक पाऊल पुढे जायचं आहे. लेकीलाही कान असतात. तिला उद्देशून म्हणून जे बोललं गेलं, ते तिच्याही घरात साचत गेलं, आणि आता तिचंही घर बदललं आहे.

पण क्रमाने जाऊ.

अनेक राष्ट्रांची मिळून एक संसद, ही कल्पना युरोपला नवी नाही. पहिल्या महायुद्धाआधी व्हिएन्नात अशी एक संसद होती, ऑस्ट्रियाच्या साम्राज्याची. तिला राइखसराट म्हणत. १९०७ साली तिथे सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला आणि ५१६ सदस्य निवडून आले. जर्मन, चेक, पोल, युक्रेनी, स्लोव्हेन, इटालियन, क्रोट, रोमेनियन असे सगळे एका छताखाली. अपेक्षा अशी होती, की गरीब माणसाच्या हातात मत आलं की तो भाषेचं भांडण सोडून भाकरीचा प्रश्न विचारेल. सुरुवातीला तसं वाटलंही. समाजवादी लोकशाहीवाद्यांना ऐंशीहून जास्त जागा मिळाल्या. पण १९११ पर्यंत चेक समाजवादीसुद्धा जर्मन समाजवाद्यांपासून वेगळे झाले होते. प्रत्येक राष्ट्राचा आपापला गट, आणि कुठल्याही प्रश्नावर बहुमत जुळवायचं म्हणजे भाषांची बेरीज-वजाबाकी. गोंधळ इतका वाढला, की मार्च १९१४ मध्ये सरकारने संसद तहकूब केली, आणि त्या उन्हाळ्यात साम्राज्य युद्धात उतरलं ते संसदेची बैठक न होताच. ती पुन्हा भरली १९१७ साली.

त्या सभागृहात १९११ साली इटालियनभाषक ट्रेंटिनो भागातून एक तरुण निवडून आला होता, आल्चिदे दे गास्पेरी. हाच माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीचा पंतप्रधान झाला आणि १९५४ साली कोळसा व पोलाद समुदायाच्या सामायिक सभेचा अध्यक्ष झाला. ही सामायिक सभा म्हणजे आजच्या युरोपीय संसदेचं मूळ रूप. एकाच आयुष्यात या माणसाने दोन्ही बहुराष्ट्रीय सभागृहं पाहिली.

या दोन सभागृहांतला फरक बसण्याच्या जागेवरूनच कळतो. सामायिक सभेत सहा देशांचे ७८ सदस्य होते. १९५३ साली त्यांनी ठरवलं, की गट राष्ट्रांप्रमाणे नाही, विचारांप्रमाणे करायचे. ख्रिस्ती लोकशाहीवादी एकीकडे, समाजवादी दुसरीकडे, उदारमतवादी तिसरीकडे. जर्मन समाजवादी हा फ्रेंच समाजवाद्याच्या शेजारी बसणार, जर्मन ख्रिस्ती लोकशाहीवाद्याच्या नाही. युद्ध संपून आठ वर्षं झालेली असताना घेतलेला हा निर्णय आहे, हे लक्षात घ्या. युरोपीय संसदेचं बहुमत आजही याच पायावर उभं राहतं.

मात्र एक गोष्ट नव्हती. निवडणूक! हे सदस्य देशोदेशींच्या संसदांनी पाठवलेले असत. त्यामुळे घरी ज्यांचं बहुमत, त्यांचंच इथे वजन. इटलीत कम्युनिस्ट पक्ष साधारण चौथा हिस्सा मतं घेत होता, पण त्याचा पहिला प्रतिनिधी युरोपच्या सभागृहात पोचायला १९६९ साल उजाडावं लागलं. पाणी एकाच दिशेने वाहत होतं, घरून युरोपकडे.

जून १९७९ मध्ये पहिली थेट निवडणूक झाली आणि पाणी उलटं वाहण्याची सोय झाली. नऊ देश, ४१० जागा, सुमारे ६२ टक्के मतदान. पहिल्या अध्यक्ष झाल्या सिमोन वेई. आउशवित्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेली स्त्री जर्मन आणि फ्रेंच सदस्यांच्या मतांनी युरोपीय संसदेची अध्यक्ष होते, यात त्या सभागृहाच्या उभारणीमागचा सगळा हेतू आला.

पण व्यवहारात ती एक निवडणूक नव्हतीच, त्या नऊ निवडणुका होत्या. उमेदवार देशातल्या पक्षांचे, प्रचार देशातल्या प्रश्नांवर, आणि नियमही ज्याचे त्याचे. ब्रिटनने आपली जुनी पद्धत ठेवली, आपल्याकडे आहे तीच, मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. बाकीच्यांनी प्रमाणशीर पद्धत घेतली, म्हणजे पक्षाला जितकी मतं साधारण त्या प्रमाणात जागा.

निकालांचा अभ्यास करून कार्लहाइन्झ राईफ आणि हर्मान श्मिट या दोघांनी १९८० साली एक लेख लिहिला आणि या निवडणुकांना नाव दिलं : दुय्यम राष्ट्रीय निवडणुका. त्यांचं म्हणणं साधं होतं. या मतदानातून कुठलंच सरकार बनत नाही. म्हणून काय होतं? एक, लोक कमी संख्येने मतदानाला जातात. दोन, घरचा सत्ताधारी पक्ष मार खातो, विशेषतः मुदतीच्या मध्यावर. तीन, लहान आणि नव्या पक्षांना उधाण येतं, कारण 'माझं मत वाया जाईल' ही भीती इथे नसते. एरवी डोक्याने दिलं जाणारं मत इथे मनाने दिलं जातं, आणि पुष्कळदा रागाने. आपल्या पोटनिवडणुकांचा अनुभव आठवला, तर हे फार परकं वाटणार नाही.

आता ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालली, त्याची तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण जर्मनीचं. १९७९ च्या निवडणुकीत पर्यावरणवादी, अणुविरोधी आणि शांततावादी गटांनी मिळून एक यादी उभी केली. यादीच्या अग्रभागी पेट्रा केली होत्या. मतं मिळाली ३.२ टक्के. पाच टक्क्यांची अट असल्यामुळे जागा एकही नाही. पण तेव्हाच्या जर्मन कायद्याप्रमाणे मतांच्या हिशेबात निवडणूक खर्चाची भरपाई मिळत असे, ती मिळाली, आणि देशभरातले विखुरलेले कार्यकर्ते एकमेकांना भेटले. जानेवारी १९८० मध्ये 'ग्रीन' पक्षाची रीतसर स्थापना झाली. १९८३ साली तो जर्मन संसदेत पोचला आणि पुढे १९९८ मध्ये थेट सरकारात. दोन मोठे पक्ष आणि मध्ये एक लहान, असं जर्मनीचं अनेक वर्षांचं गणित त्याने बदललं. म्हणजे हारलेली युरोपीय निवडणूकसुद्धा उपयोगी पडते.

दुसरं उदाहरण फ्रान्सचं. १९८१ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ज्याँ-मारी ले पेन यांना उमेदवारीसाठी लागणाऱ्या ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्यासुद्धा जमवता आल्या नव्हत्या. अवघ्या तीन वर्षांनी, १९८४ च्या युरोपीय निवडणुकीत, त्यांच्या 'नॅशनल फ्रंट'ला सुमारे ११ टक्के मतं आणि १० जागा मिळाल्या. बलाढ्य कम्युनिस्ट पक्षालाही तेवढ्याच! कारण? फ्रान्सची घरची निवडणूक दोन फेऱ्यांची. दुसऱ्या फेरीत बाकीचे सगळे एकत्र येऊन टोकाच्या उमेदवाराला पाडतात. युरोपीय निवडणूक मात्र एका फेरीची आणि प्रमाणशीर.

या दोन पद्धतींतला फरक किती मोठा, तेही इतिहासाने दाखवून दिलं. १९८६ साली मितराँ यांनी राष्ट्रीय सभेसाठीही प्रमाणशीर पद्धत आणली, तेव्हा नॅशनल फ्रंटचे ३५ सदस्य निवडून आले. १९८८ मध्ये जुनी पद्धत परत आली, आणि जवळपास तेवढीच मतं मिळूनही जागा आली फक्त एक. घरी दार बंद झालं, पण स्ट्रासबर्गचं उघडं राहिलं. तिथे खुर्ची होती, भत्ते होते, कर्मचारी होते, आणि निवडून आलेला लोकप्रतिनिधी ही ओळख होती. तीस-पस्तीस वर्षं हा पक्ष तिथे तग धरून राहिला, आणि २०१४ साली फ्रान्समधल्या युरोपीय निवडणुकीत पहिला आला.

तिसरं उदाहरण ब्रिटनचं, आणि ते सर्वांत महाग पडलेलं. ब्रिटनच्या जुन्या पद्धतीमुळे युरोपीय संसदेचं पारडंसुद्धा हेलकावे खात असे. १९७९ मध्ये निम्म्या मतांवर हुजूर पक्षाने साठ जागा नेल्या. १९९४ मध्ये मजूर पक्षाने बासष्ट. त्या बासष्ट जणांमुळे समाजवादी गट आणखी भक्कम झाला. मग १९९९ साली ब्रिटनने पद्धत बदलली, प्रमाणशीर यादी आली, आणि मजूर पक्ष २९ वर उतरला. त्याच वर्षी, १९७९ नंतर पहिल्यांदाच, समाजवादी गटाचं पहिलं स्थान गेलं आणि युरोपियन पीपल्स पार्टी, म्हणजे मध्यम-उजव्यांचा गट, सर्वांत मोठा झाला. तो आजपर्यंत आहे. एका देशाचा नियम बदलला आणि पंधरा देशांच्या सभागृहाचा तोल सरकला. हे एकच कारण होतं असं मी म्हणत नाही, पण ते मोठं कारण होतं.

त्याच बदलाचं दुसरं फळ हळूहळू पिकलं. १९९९ मध्ये नव्या पद्धतीमुळे युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या 'युकिप' पक्षाला तीन जागा मिळाल्या. त्या तिघांत एक नायजेल फराज. २००४ मध्ये १२, २००९ मध्ये १३, आणि २०१४ मध्ये २४ जागा, देशात पहिला क्रमांक! पुढच्याच वर्षी घरच्या निवडणुकीत याच पक्षाला साडेबारा टक्के मतं मिळाली आणि जागा किती? एक. ६५० मध्ये एक. म्हणजे घरच्या संसदेत हा पक्ष जवळजवळ नव्हताच. तरीही हुजूर पक्षाची झोप त्याने उडवली होती, कारण आपले मतदार कुठे चालले आहेत, हे दर पाच वर्षांनी युरोपीय निवडणुकीत उघड दिसत होतं. पंतप्रधान कॅमेरॉन यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचं आश्वासन दिलं, त्यामागे अनेक कारणं होती, पण ही धास्ती नक्कीच होती.

२३ जून २०१६ ला सार्वमत झालं, कौल बाहेर पडण्याचा लागला. पण मार्च २०१९ ची मुदत टळली, ब्रिटन आतच राहिला, आणि मे महिन्यात त्याला नाइलाजाने युरोपीय निवडणूक घ्यावी लागली. जिथून निघायचं ठरलंय तिथे प्रतिनिधी पाठवायचे! काही महिन्यांपूर्वी जन्मलेल्या 'ब्रेक्झिट पार्टी'ने २९ जागा जिंकल्या. सत्ताधारी हुजूर पक्ष नऊ टक्के मतांसह पाचव्या क्रमांकावर फेकला गेला. मतमोजणीचीही वाट न पाहता, मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी थेरेसा मे यांनी राजीनाम्याची घोषणा केली. हुजूर पक्षाला धडा कळला. बोरिस जॉन्सन आले, पक्षाने ब्रेक्झिटची भूमिका कडक केली, डिसेंबरमध्ये फराज यांनी हुजूर पक्षाच्या जागांवर उमेदवारच दिले नाहीत, आणि जॉन्सन ३६५ जागा घेऊन आले. मे मध्ये नऊ टक्के, डिसेंबरमध्ये घसघशीत बहुमत. मधला दुवा तीच युरोपीय निवडणूक.

इथपर्यंत झाली सुनेची गोष्ट. आता लेकीकडे वळू.

युरोपीय संसदेत कित्येक वर्षं कामकाजाची एक रीत होती. मध्यम-उजवा आणि मध्यम-डावा हे दोन मोठे गट एकत्र आले, की बहुमत तयार. २०१४ मध्येसुद्धा दोघांचे मिळून ७५१ पैकी ४१२ होते. घरी एकमेकांविरुद्ध लढायचं आणि इथे वाटून घ्यायचं, अशी ती सोय. पण घरी चिडलेला मतदार वर्षानुवर्षं दोघांनाही टोचत होता, आणि प्रत्येक टोचणीला इथली एकेक जागा जात होती. २०१९ मध्ये बेरीज आली १८२ आणि १५४, म्हणजे ३३६. बहुमताला हवे होते ३७६. थेट निवडणुका सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांचं मिळून बहुमत गेलं. उर्सुला फॉन डेर लायेन आयोगाच्या अध्यक्ष झाल्या त्या ३८३ मतांनी. लागत होती ३७४. अगदी काठावर.

२०२४ मध्ये चित्र आणखी बदललं. जुन्या दोन गटांत उदारमतवाद्यांना धरलं, तर १८८, १३६ आणि ७७ मिळून ४०१ होतात. ७२० मध्ये बहुमताला ३६१ लागतात. जुलैमध्ये फॉन डेर लायेन यांना मतंही बरोबर ४०१ पडली. पण मतदान गुप्त होतं, आणि हरित गटाने त्यांना पाठिंबा जाहीर केला होता. म्हणजे हे ४०१ आणि ते ४०१ एकच नव्हेत. स्वतःच्या तीन गटांतले काही फुटले आणि बाहेरच्यांनी भरपाई केली, हे उघड आहे.

आता दुसरी बेरीज करून बघा. मध्यम-उजवे १८८, आणि त्यांच्या उजवीकडचे तीन गट ७८, ८४ आणि २५. होतात ३७५! म्हणजे मध्यम-उजव्या गटाला आज दोन दारं उघडी आहेत. एक डावीकडे, जुन्या मित्रांकडचं. दुसरं उजवीकडे, ज्या दाराला आजवर कुलूप होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेनेझुएलाच्या निवडणुकीवर ठराव आला, तेव्हा हे दुसरं दार उघडलं गेलं. समाजवादी आणि उदारमतवादी सहकाऱ्यांना बाजूला ठेवून मध्यम-उजव्यांनी उजवीकडच्या मतांवर ठराव मंजूर करून घेतला. ठराव कुणाला बंधनकारक नव्हता. पण असंही बहुमत जमू शकतं, हे सगळ्यांनी पाहिलं.

फ्रान्समध्ये, ब्रिटनमध्ये, इटलीत मतदार आपापल्या सरकारवर रागावून मत देत होते, त्यांतल्या बहुतेकांच्या मनात स्ट्रासबर्गचं सभागृह नव्हतंच. पण मत कुठल्या रागाने दिलं हे मतपेटीला कळत नाही. जागा मोजल्या गेल्या, खुर्च्या भरल्या, आणि शेतीपासून हवामानापर्यंतचे कायदे आता त्या खुर्च्या मंजूर करतात. दुय्यम म्हणून दिलेल्या मताचा परिणाम दुय्यम राहिला नाही.

शेवटी पुन्हा पॅरिसला जाऊ. मॅक्रॉन यांचा हिशेब असा असावा, की लोकांनी रागाचं मत देऊन टाकलं, आता खरी निवडणूक समोर ठेवली की ते सावरतील. हिशेब निम्मा बरोबर निघाला. ७ जुलैच्या दुसऱ्या फेरीत बाकीचे एकत्र आले आणि ले पेन यांचा पक्ष तिसऱ्या स्थानावर गेला. पण ५७७ च्या सभेत २८९ चा आकडा कोणाकडेच राहिला नाही. स्पष्ट बहुमत मॅक्रॉन यांनी २०२२ मध्येच गमावलं होतं, पण तेव्हा ते निदान सर्वांत मोठे तरी होते. आता तीन तुकडे, एकमेकांशी न जुळणारे. डिसेंबरमध्ये पंतप्रधान बार्निये अविश्वास ठरावात पडले. १९६२ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. त्यांच्या जागी आलेले बायरू सप्टेंबर २०२५ मध्ये सभेचा विश्वास गमावून गेले.

तेव्हा मघाच्या ज्येष्ठ श्रोत्यांना माझं उत्तर असं. बहुमत म्हणजे जनतेच्या मनात आधीच तयार असलेली आणि निवडणुकीने फक्त मोजलेली वस्तू, असं आपण समजतो. युरोपचा अनुभव तसा नाही. तीच माणसं, त्याच वर्षी, दोन सभागृहांसाठी दोन वेगळी बहुमतं देतात, कारण नियम वेगळे, मुहूर्त वेगळा आणि काय पणाला लागलंय याची समजूत वेगळी. आणि एका मतपेटीतून निघालेलं बहुमत दुसरीतल्या बहुमताला धक्का देतं. व्हिएन्नाची संसद राष्ट्रांच्या भांडणात बंद पडली. स्ट्रासबर्गची तशी बंद पडलेली नाही, सत्तर वर्षं टिकली आहे, हे तिचं मोठं यश. तिच्यापुढचा धोका वेगळा आहे. लोक तिच्यासाठी मत देतात, पण तिच्याबद्दल देत नाहीत. आपण कोणासाठी मत देतोय आणि कोणाबद्दल देतोय, हे मत देताना एकदा स्वतःला विचारावं, इतकी जागा मला वाटतं आपल्याकडेही आहे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.